संगणकाचं दुखणं अंगावर काढू नका

 

घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला खोकला झाला, तर आपण काय म्हणतो? "हवा बदललीय, होईल बरं." दोन दिवसांचे आठ दिवस होतात, आठांचा महिना होतो. मग एके रात्री छातीत दुखू लागतं आणि जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची पाळी येते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "इतके दिवस काय करत होता?" याला आपण दुखणं अंगावर काढणं म्हणतो. आज मी अशाच एका दुखण्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. फक्त रोगी माणूस नाही. रोगी आहे आपल्या घरचा कॉम्प्युटर. आणि त्याचा जो अवयव दगा देतो, त्याचं नाव हार्ड डिस्क.

कळंब तालुक्यातले एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी एक मोठं चांगलं काम केलं होतं. आई हयात असताना तिच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. चाळीसएक तुकडे होते. ते सगळे घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले. मुलीच्या लग्नाचे फोटो, शेताच्या सातबाराच्या प्रती, गावाच्या इतिहासाची टिपणं, हेही सगळं तिथंच. आई गेली. पुढं दोन वर्षांनी कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागू लागला. गुरुजी म्हणाले, "जुना झालाय." मग अधूनमधून आतून 'टक्... टक्...' असा आवाज येऊ लागला. गुरुजी म्हणाले, "पंख्यात धूळ बसली असेल." चार महिने असेच गेले. शेवटी एका सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

गुरुजींनी मग काय केलं आणि काय करायला नको होतं, ते ओघात सांगतोच. आधी हे यंत्र आतून कसं आहे ते पाहू. वस्तू समजली की तिचं दुखणंही समजतं.

आत काय असतं?

आपल्यापैकी अनेकांनी जुना ग्रामोफोन पाहिला असेल. तबकडी फिरते, वर सुई टेकते आणि गाणं वाजतं. हार्ड डिस्क ही त्याची दूरची नातलग आहे. बंद पेटीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय लेप असतो. आपली अक्षरं, फोटो, आवाज, सगळं त्या लेपावर चुंबकाच्या बारीक खुणांनी लिहिलेलं असतं. त्या खुणा वाचणाऱ्या भागाला हेड म्हणतात. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये वेगानं फिरणाऱ्या तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. आपली एसटी एवढी पळत नाही.

ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हार्ड डिस्कचं हेड मात्र टेकत नाही. फिरण्यानं जी हवा खेचली जाते, तिच्या पातळ थरावर ते तरंगतं. हे अंतर किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातले मोजकेच भाग. आपल्या डोक्याचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणजे हेडच्या दृष्टीनं धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला धोंडाच. ही पेटी घरी का उघडायची नाही, ते यावरून ध्यानात येईल.

अशी पहिली डिस्क १९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं बाजारात आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो जवळपास तेवढी जागा खातो. यंत्र लहान झालं, पोट अफाट वाढलं. पण फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं हेड, ही मूळ रचना तीच राहिली. आणि मंडळी, जे फिरतं ते झिजतं. मोटेचं चाक असो, गिरणीचा पट्टा असो की ही तबकडी. प्रत्येक हार्ड डिस्क एक दिवस बंद पडणारच. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी आपण तयार असू की नाही.

लक्षणं कोणती?

हार्ड डिस्क बिघडण्याआधी बहुधा काही खुणा दिसतात. कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो. साधी फाइल उघडताना मध्येच सगळं गोठल्यासारखं होतं आणि मिनिटभरानं पुन्हा हलतं. काल उघडलेली फाइल आज उघडत नाही. फाइलींची नावं विचित्र चिन्हांत दिसतात. निळा पडदा येऊन कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू होतो. आणि सगळ्यांत वाईट खूण म्हणजे आवाज. ठरावीक अंतरानं टक्... टक्... येतो, किंवा खरखर येते. हेडला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी परतून शोधू लागतं, तेव्हा असा आवाज होतो.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं. मडक्याची परीक्षा थापटून होते. हार्ड डिस्कची परीक्षा मात्र थापटून करायची नाही! कॉम्प्युटरला चापट मारली की तो सुरू होतो, असा काही जणांचा समज असतो. चालू डिस्कला बसलेला धक्का म्हणजे तरंगतं हेड तबकडीवर आपटण्याचा धोका. डिस्कला मारायचं नाही, नुसतं कान देऊन ऐकायचं.

आधी नक्कल, मग निदान

आता आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट सांगतो. बाकी सारं विसरलात तरी चालेल, पण एवढं ध्यानात ठेवा. डिस्कचा संशय आला, की दुरुस्तीच्या मागं लागायचं नाही. तपासणीच्याही मागं लागायचं नाही. आधी आपल्या कामाच्या फाइलींची नक्कल दुसरीकडं काढायची.

असं का? डिस्क बाजारात मिळते, तिच्यातल्या ओव्या बाजारात मिळत नाहीत. शिवाय आजारी डिस्कच्या हाती किती तास उरले आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. तपासणी करताना डिस्कला सगळ्या तबकड्या पुन्हा वाचाव्या लागतात. म्हणजे आजारी माणसाला तपासण्यासाठी डोंगर चढायला लावल्यासारखं होतं. त्या श्रमातच तिनं मान टाकली, तर निदान झालं पण रोगी गेला.

नक्कल कशी काढायची? एक मोठा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून जोडायची नवी डिस्क आणा. सगळी डिस्क एका दमात उचलू नका. ज्या वस्तू जगात दुसरीकडं कुठंच नाहीत त्या पहिल्यांदा घ्या: आवाज, फोटो, स्वतः लिहिलेले कागद, हिशेब, शाळेचे निकाल. सिनेमे आणि गाणी राहू द्या. ती पुन्हा मिळतील. थोडं थोडं घ्या. एखाद्या फाइलीपाशी काम अडलं तर तिथं झगडत बसू नका, ती सोडून पुढं चला.

शेतकरी मंडळींना हे वेगळं सांगायला नको. पाऊस डोक्यावर आला असेल तर आपण आधी उभं पीक काढून घेतो. खाली पडलेली कणसं वेचायला मागाहून जातो. त्याला आपण सरवा वेचणं म्हणतो. जाणकार लोक आजारी डिस्कसाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम वापरतात, तो नेमकं हेच करतो. डिस्कचा जो भाग सहज वाचता येतो तो आधी नव्या डिस्कवर उतरवून घेतो आणि अडलेल्या जागांकडं शेवटी सरवा वेचायला परत येतो. विंडोज सुरूच होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून हे काम करता येतं. आपल्याला जमत नसेल तर तालुक्याच्या गावच्या जाणत्या दुरुस्तीवाल्याला सांगा, पण सांगताना शब्द असे वापरा: "आधी माल काढून द्या, मग डिस्कला हात लावा."

नक्कल झाली, की दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दहा-पाच फाइली उघडून पाहा. फोटो दिसतो का? आवाज शेवटपर्यंत वाजतो का? पोतं शिवलं म्हणजे आत धान्य आहे असं नव्हे. हात घालून पाहावं लागतं.

दोष खरंच डिस्कचाच आहे का?

नक्कल हाती आल्यावर आता निवांतपणे निदान करा. कारण दर वेळी चोर डिस्कच असते असं नाही. कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, मगच झाकण उघडा. डिस्कला जोडलेली डेटाची केबल आणि विजेची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. केबल बदलून पाहा. सैल झालेल्या केबलीनं कितीतरी चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील! बाहेरची डिस्क असेल तर दुसरी वायर, दुसरा पोर्ट, जमल्यास दुसरा कॉम्प्युटर लावून पाहा.

दुसरा संशयित म्हणजे वीज. आपल्याकडं उन्हाळ्यात दाब कमीजास्त होतो, पावसाळ्यात वीज अचानक जाते. आतला वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो दुबळा झाला असेल तर डिस्क मध्येच सुटते आणि आळ मात्र डिस्कवर येतो. आताच्या डिस्कांचं हेड वीज जाताच आपोआप सुरक्षित जागी जाऊन बसतं. पण त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहते. म्हणून यूपीएस हवा आणि घराचं अर्थिंग नीट हवं. तिसरा संशयित म्हणजे गच्च भरलेली जागा किंवा अपुरी मेमरी. यांनीही कॉम्प्युटर रांगू लागतो, पण त्यात टकटक आवाज नसतो आणि फाइली खराब होत नाहीत.

डिस्कची नाडी कशी पाहायची?

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची वही स्वतःच लिहून ठेवते. या सोयीला स्मार्ट असं नाव आहे. क्रिस्टल-डिस्क-इन्फो किंवा जी-स्मार्ट-कंट्रोल असे मोफत प्रोग्राम ती वही आपल्याला वाचून दाखवतात. तीत आकड्यांची मोठी यादी दिसेल. घाबरू नका, चारच ओळी पाहायच्या.

पहिली ओळ, क्रमांक ५. डिस्क तयार करताना काही जागा राखीव ठेवलेली असते. एखादी जागा नादुरुस्त झाली की डिस्क तिचं काम राखीव जागेकडं सोपवते. असं किती वेळा झालं, ते ही ओळ सांगते. दुसरी, क्रमांक १९७. ज्या जागा वाचताना अडल्या आहेत, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, अशा संशयित जागा. तिसरी, क्रमांक १९८. ज्या जागा तपासणीत वाचताच आल्या नाहीत त्या. चौथी, क्रमांक १९९. ही ओळ डिस्कपेक्षा केबलीकडं जास्त बोट दाखवते. काही प्रोग्राम हे क्रमांक वेगळ्या पद्धतीनं, म्हणजे ०५, सी५, सी६ आणि सी७ असे दाखवतात. अर्थ एकच.

पहिल्या तीन ओळींत शून्य असावं. नसेल तर तो आकडा तारखेसह कागदावर लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. तापाच्या रोग्याचा तक्ता ठेवतात ना, तसंच. आकडा वाढत असेल तर त्या डिस्कला निरोप द्या. आकडा लहान असून महिनोन्‌महिने तिथंच थांबला असेल, तर ती डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला ठेवता येईल, पण तिच्यावर विसंबायचं नाही. फक्त १९९ चाच आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला.

मात्र वहीत सगळं 'ठीक' लिहिलं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगल कंपनीतल्या संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. तपासणीत पहिला दोष दिसलेल्या डिस्का पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानायचा. पण बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडलं तर, कुठल्याच आकड्यातून कसलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे इशाऱ्याची वाट पाहत बसणंही शहाणपणाचं नाही.

विंडोजमध्ये चेकडिस्क नावाची तपासणी असते. ती उपयोगी आहे, पण नक्कल काढल्यानंतरच करायची. ती फाइलींची मांडणी दुरुस्त करते. झिजलेली तबकडी दुरुस्त करत नाही. आणि मांडणी लावताना तुटक्या फाइलींचे तुकडे ती बाजूला टाकते. त्यात तुमची एकुलती एक फाइल असू शकते.

हे मात्र करू नका

आता आमच्या गुरुजींकडं परत येऊ. काळा पडदा दिसताच त्यांनी कॉम्प्युटर सात-आठ वेळा बंद-चालू केला. दर वेळी दुखावलेलं हेड तबकडीवरून फिरलं. एकदा डिस्क लागली, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?" सुदैवानं सून जवळ होती, तिनं "नाही" दाबलं. मंडळी, या प्रश्नाला उत्तर नेहमी "नाही" हेच. फॉरमॅट करणं म्हणजे घर सापडत नाही म्हणून गावाचा नकाशाच फाडून टाकणं.

मग कुणीतरी सल्ला दिला, की डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. हा सल्ला बराच जुना आहे आणि आता तो पाळू नये. गार डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर धरते, आणि तबकडीवर ओल म्हणजे उरलासुरला जीवही गेला. पेटीचे स्क्रू काढून आत फुंकर मारणं, हाही तसाच उपाय. आवाज करणारी किंवा कॉम्प्युटरला दिसतच नसलेली डिस्क असेल, तर वीज काढा आणि तिला गप्प पडू द्या. आतला माल खरोखर मोलाचा असेल तर पुण्या-मुंबईसारख्या शहरात धूळविरहित खोलीत डिस्क उघडून माल काढणारे कारागीर आहेत. खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो आणि यशाची हमी नसते. तरी त्यांच्याकडं जायचं असेल तर घरगुती उपाय करण्याआधी जा. आणि हो, डिस्क हमीच्या मुदतीत असली तरी कंपनी डिस्क बदलून देते, तिच्यातला माल देत नाही.

नवीन कॉम्प्युटरांत आता एसएसडी येते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती जलद चालते आणि धक्का सोसते. पण तीही अमर नाही. उलट ती मरताना टकटक करून सांगत नाही, गुपचूप जाते. तेव्हा एसएसडी आली म्हणून नक्कल नको, असं समजू नका.

पेव, कणगी आणि बियाणं

आपल्या वाडवडिलांना कॉम्प्युटर माहीत नव्हता, पण साठवणीचं शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. जोंधळा आला की थोडा घरात कणगीत, थोडा जमिनीतल्या पेवात. आणि बियाणं वेगळं, राखेत घोळून मडक्यात. कणगीला उंदीर लागले तर पेव आहे, पेवात पाणी शिरलं तर कणगी आहे. आणि काही झालं तरी बियाण्याला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरवाले आज नेमकं हेच सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

ती एक घराबाहेर कशाला, असं कुणी विचारील. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, आपल्या लोहारा-उमरग्याकडची गावं, दगडमातीची घरं, क्षणात खाली बसली. हजारो माणसं गेली. माणसांपुढं वस्तूंचं काय! पण जे वाचले त्यांना मागाहून कळलं, की घरासोबत ट्रंकेतले फोटोही गेले, कागदही गेले. गेलेल्या माणसाचा चेहरा पाहायला एक फोटो नाही, असं दुःख आपल्या भागातल्या घरांनी सोसलं आहे. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे खरं तर एकच प्रत.

तेव्हा एक प्रत कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही. लावून ठेवली तर विजेचा एक तडाखा किंवा एक व्हायरस दोन्ही प्रती एकदम खाईल. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, लेकीकडं किंवा भावाकडं. नाहीतर इंटरनेटवरच्या साठवणीत, जिथं थोडी जागा फुकटही मिळते. तिथला पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातल्या जबाबदार माणसाला सांगून ठेवा. आणि पेन ड्राइव्हला तिजोरी समजू नका. ती पिशवी आहे, वाहून न्यायला बरी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. महिन्यातला एक दिवस, समजा पहिला शनिवार, शाळेत नक्कल काढण्याचा दिवस म्हणून ठरवा. निकालपत्रकं, हजेरी, मुलांचे फोटो यांची प्रत निघाली की फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहा. हे काम सातवी-आठवीच्या मुलांना देखरेखीखाली देता येईल. आणि शाळेत एखादी कायमची बंद पडलेली, आत काही कामाचं नसलेली डिस्क असेल तर ती मुलांसमोर उघडून दाखवा. आरशासारखी तबकडी, हेडचा बारीक दांडा, सगळं पाहून मुलं हरखून जातील. दोन जपणुकी मात्र घ्या: आतले चुंबक फार जोरदार असतात, बोट चिमटतं, आणि काही डिस्कांच्या तबकड्या काचेच्या असतात, त्या वाकवायला जाऊ नका.

आता गुरुजींच्या ओव्यांचं काय झालं, ते सांगून थांबतो. एका जाणत्या मुलानं ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तीन दिवस सरवा वेचला. लग्नाचे फोटो तसे सुरक्षितच होते, कारण मुलीच्या मोबाइलमध्ये त्यांची दुसरी प्रत होती. सातबारा पुन्हा काढता आला. टिपणं गुरुजी स्मरणानं पुन्हा लिहीत आहेत. चाळीस ओव्यांपैकी अकरा हाती लागल्या. उरलेल्या एकोणतीस ओव्या गायला आता आई नाही.

त्या अकरा ओव्या आज तीन ठिकाणी आहेत: गुरुजींच्या घरी, मुलीकडं सोलापूरला आणि इंटरनेटवर. गुरुजी मला म्हणाले, "एवढंच चार महिने आधी केलं असतं तर?" मी त्यांना काय उत्तर देणार? पण तुमच्या घरचा कॉम्प्युटर अजून चालू आहे. आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्याच्यासमोर बसा. दुसरीकडं कुठंच नाही अशी कोणती वस्तू त्यात आहे, ते शोधा. आणि झोपण्याआधी तिची एक नक्कल काढा.